ओळीत न मावलेली दोन अक्षरं

चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधल्या एका नाण्यांच्या पेढीत मी आठ वर्षं याद्या लिहिल्या. हजारो ओळी लिहिल्या असतील, पण त्यातली एकही आज म्हणून दाखव म्हटलं तर जमणार नाही. एक सोडून. ती ओळसुद्धा तिच्यात काय होतं म्हणून आठवत नाही. तिच्यातून मी काय काढलं म्हणून आठवते.

मी मूळची मिरजेची. नवऱ्याची बदली ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात झाली आणि आम्ही मैलापूरला बिऱ्हाड केलं. पहाटे सहाला कंपनीची बस यांना घेऊन जायची, मुलगी कॉलेजला, आणि मी इतिहासाची पदवी घेऊन भाजीवालीशी खाणाखुणांनी बोलत बसायची. अशात एका मराठी घरच्या हळदीकुंकवात एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "तुम्हांस नागरी वाचतां येतें कीं? आमच्या घरीं कोणास येत नाहीं."

त्या रंगा राव यांच्या पत्नी. हे लोक तंजावरचे मराठी, कित्येक पिढ्या तिकडेच. घरात मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ लिपीत. रावांची नाण्यांची पेढी होती आणि त्यांच्याकडे तंजावरच्या मराठा राजांची तांब्याची चिमुकली नाणी डबाभर पडून होती. त्यांच्यावरची नागरी अक्षरं झिजलेली, अर्धी नाण्याबाहेर गेलेली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन पाच-सहा नाणी भिंगाखाली धरली आणि एकावर 'छत्रप' एवढं वाचलं. पुढची 'ति' नाण्यावर मावलीच नव्हती. राव खुर्चीतून उठले. "पस्तीस वर्षें मी हें चित्र समजत होतों," ते म्हणाले. "सोमवारीं येतां काय?"

सोमवारपासून मी गेले. मैलापूरला गाडीत बसायचं, बीच स्टेशनला उतरायचं, आणि हातगाड्या चुकवत, मिरच्यांच्या ठसक्यानं शिंकत पेढीचा जिना चढायचा.

पेढीचा मुख्य धंदा टपाल लिलावाचा. वर्षातून दोनदा आम्ही विकायच्या नाण्यांची छापील यादी काढायचो. ती देशभर गिऱ्हाइकांना टपालानं जायची. नाणं हातात न घेता, केवळ यादीतली ओळ वाचून माणसं बोली पाठवायची. म्हणजे ओळ हेच नाणं. आणि रावांचा नियम असा, की एका नाण्याला एकच ओळ.

एका ओळीत सगळं मावायचं तर अक्षरं तोडावी लागतात. जगभरचे नाणेवाले तेच करतात. धातू सांगायला जुन्या लॅटिन नावांची आद्याक्षरं: एव्ही म्हणजे सोनं, एआर म्हणजे चांदी, एई म्हणजे तांबं. पितळेला बीआर. सालच नसेल तर एनडी, म्हणजे नाण्यावर तारीख नाही. मग नाण्याची अवस्था. जी म्हणजे गुड, आणि इथेच नवखा माणूस फसतो. आमच्या धंद्यात गुड म्हणजे इतकं गुळगुळीत झालेलं नाणं, की राजाचं नाक गालात गेलेलं. त्याच्यावर एफ म्हणजे फाइन, त्याच्यावर व्हीएफ, त्याच्यावर एक्सएफ. एयू म्हणजे जवळजवळ न वापरलेलं, आणि यूएनसी म्हणजे टांकसाळीतून निघालं तसं, कुणाच्या खिशातच न गेलेलं.

एकदा तिरुचीहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्याकडे आमच्या यादीतून घेतलेली एकोणीस नाणी होती आणि ती सगळी नवी दिल्लीची असल्याचं त्यांनी वेगळ्या वहीत नोंदवलं होतं. कारण प्रत्येकापुढे एनडी. "पण विजयनगरच्या राजानं दिल्लीला नाणी का पाडली?" हा त्यांचा प्रश्न होता. मी हसू दाबून खुलासा केला. ते म्हणाले, "वही नवी करावी लागेल."

आणखी एक बाई आल्या. सासऱ्यांची चांदीची नाणी त्यांनी विकायला आणली, तीही आदल्या दिवशी चिंच लावून, राखेनं घासून लख्ख करून. नाणं घासलं की त्याची किंमत निम्म्यावर येते. त्यालाही आमच्याकडे सीएल, म्हणजे क्लीन्ड, असं छोटं अक्षर आहे. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. "घाणेरडी कशी आणायची दुसऱ्याच्या दारात?" त्या म्हणाल्या. मला त्यांचं म्हणणं जास्त पटलं होतं, पण सीएल लिहावंच लागलं.

असे किस्से आम्ही कॉफी पिताना एकमेकांना सांगायचो. गिऱ्हाइकाला अक्षरं कळत नाहीत यात गंमत आहे असं मलाही वाटायचं. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

याद्यांच्या शेवटी अक्षरांच्या खुलाशाचं एक पान असायचं, बारीक टायपात. एका वर्षी नाणी वाढली आणि छापखान्यानं सांगितलं, की एक पान कमी करा, नाहीतर अख्खा सोळा पानांचा फर्मा वाढेल. राव म्हणाले, "तें शेवटलें पान काढा. आपलीं गिऱ्हाइकें जुनीं, त्यांस सर्व ठाऊक." मी हो म्हटलं. मला सोयीचंच होतं. ते पान दर वेळी तपासायचा कंटाळा यायचा.

त्याच यादीत एक रामटंक होतं. रामटंक म्हणजे पूजेचं नाणं: एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला धनुष्य घेतलेले दोघे भाऊ. देवघरात ठेवतात. सोन्याची असतात, चांदीची असतात आणि पितळेचीही असतात. हे पितळेचं होतं, पण इतकं सुंदर राहिलेलं, की मारुतीच्या शेपटीचं टोकसुद्धा दिसत होतं. मी ओळ लिहिली. छापखान्यातून कच्चा कागद आला तेव्हा ओळीची शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत घसरली होती. मी लाल पेन घेतलं आणि ओळ बसवायला मधलं बीआर खोडलं. हे पितळेचं आहे ते जाणकाराला किमतीवरून कळेल, असं मनाशी म्हटलं आणि पुढच्या ओळीवर गेले. एयू राहिलं.

यादी गेली, लिलाव झाला, नाणी टपालानं रवाना झाली.

तीन-चार महिन्यांनी एक वृद्ध गृहस्थ जिना चढून आले. पांढरं धोतर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात आमची यादी. नाव वैद्यनाथन. कुंभकोणमहून रात्रीच्या गाडीनं आले होते. टपालखात्यातून तारमास्तर म्हणून निवृत्त झालेले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. यादी उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"मी."

"एयू म्हणजे काय?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू उत्तर त्यांना आधीच कळलं होतं आणि फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

"शाळेत रसायनशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं," ते म्हणाले. "एयू म्हणजे सोनं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या आईच्या देवघरात सोन्याचं रामटंक होतं. यांच्या शिक्षणासाठी ते विकलं गेलं. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं, की घरात ते परत आणायचं. नातीचं, अपर्णाचं, लग्न ठरलं, मैलापूरचं सासर मिळालं, आणि शेजाऱ्याकडे आलेल्या आमच्या यादीत त्यांना ही ओळ दिसली. सोन्याच्या मानानं स्वस्त वाटलं. पण लिलावात कधी कधी मिळतं म्हणतात, म्हणून त्यांनी बोली पाठवली. नाणं आलं तेव्हा पिवळं, तेजस्वी होतं. सोनाराला दाखवावंसं वाटलं नाही. पेढीवर विश्वास होता.

"मांडवात सगळ्यांसमोर मी ते तिच्या हातात ठेवलं," ते म्हणाले. "आणि तिच्या सासूबाईंना सांगितलं, सोन्याचं आहे, रोज पूजेत असू द्या."

सासूबाईंच्या नात्यातले एक सराफ तिथेच होते. त्यांनी हातात घेतलं, काही बोलले नाहीत. आठ दिवसांनी सासरी कळलं, की पितळ आहे. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही. पण अपर्णाच्या अंगावर माहेरून घातलेले सगळे दागिने एका दुपारी कपाटातून गेले, सराफाकडे तपासले गेले आणि परत आले. सगळे खरे निघाले. तिला त्याआधी कोणी विचारलं नव्हतं आणि नंतर कोणी सांगितलं नाही. ज्या कागदात गुंडाळून परत आले त्यावर दुकानाचं नाव होतं, म्हणून तिला समजलं.

"तिनं मला फोनवर एवढंच विचारलं," वैद्यनाथन म्हणाले, "'ताता, तुम्हाला माहीत होतं का?' माझ्या नातीला हे विचारावं लागलं."

राव आतापर्यंत ऐकत होते. त्यांनी खणाला हात घातला. "नाणं परत आणा, पैसे घेऊन जा, सार."

"मी पैशांसाठी आलो नाही. मला एक पत्र द्या. एयूचा अर्थ पूर्ण शब्दांत लिहा. एकही अक्षर तोडू नका. आणि लिहा, की धातू पितळ होता आणि यादीत तो लिहिला नव्हता."

राव माझ्याशी मराठीत बोलू लागले; त्या गृहस्थांना कळू नये म्हणून. "पेढीचा शिक्का मारून असें लिहून दिलें म्हणजे चूक कबूल झाली. उद्यां हें पत्र कोणाच्या हातीं जाईल? सरी, बरें, चुकलें, पण त्यांनीं अगोदर विचारावयास नको होतें काय?"

"कोणाला विचारणार? खुलाशाचं पान आपणच काढलं."

"पैसे देतों म्हणतों ना मी!"

"त्यांना पैसे नकोत."

राव वाईट माणूस नव्हते. त्यांनी खोटं नाणं कधी विकलं नाही. शंकेचं नाणं ते स्वतःहून बाजूला काढायचे. पण चूक लेखी द्यायची म्हटलं की ते मागे सरायचे. "शिक्का नाहीं," त्यांनी सांगून टाकलं.

मी माझ्या टेबलाचा खालचा खण उघडला. कच्चे कागद मी टाकत नसे. तो कागद सापडायला दहा मिनिटं लागली. छापलेली माझी मूळ ओळ, त्यात बीआर, आणि त्यावर माझी लाल काट. तोपर्यंत मला वाटत होतं, की ती अक्षरं छापखान्यात पडली असतील.

मी तो कागद वैद्यनाथनना दाखवला. "सार, चूक माझी आहे. पत्र नको. मी स्वतः येते तुमच्या नातीच्या घरी."

"बाई!" राव म्हणाले.

"पेढीतर्फे जात नाही. ओळ माझी, मी जाते."

त्या घरी जायचं म्हणजे परक्या शहरात, परक्या माणसांच्या घरच्या भांडणात पाय घालायचा. घरी नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "तू कोण लागतेस त्यांची?" प्रश्न बरोबर होता. पण ती मुलगी आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहत होती. रोज माझ्याच भाजीवालीकडे येत असेल. मला ते सहन होईना.

शनिवारी दुपारी चारला मी आणि वैद्यनाथन गेलो. दारात तांदळाच्या पिठाचं सुबक कोलम, आत स्वच्छ, काटेकोर घर. सासूबाई साठीच्या, नऊवारीसारखी नेसलेली रेशमी पट्टू साडी, जाड चष्मा. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या. सगळे त्यांना मामी म्हणत. त्यांनी आम्हाला बसवलं, कॉफी दिली आणि समोर बसल्या. अपर्णा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. वैद्यनाथन खुर्चीच्या टोकाला बसले होते.

मी मनाशी बरंच ठरवून गेले होते. त्यातलं काही आठवेना. मी कच्चा कागद त्यांच्यापुढे धरला.

मामींनी चष्मा वर सरकवला आणि गणिताचा पेपर तपासावा तसा तो वाचला.

"ही ओळ तुमची?"

"माझी."

"आणि ही काट?"

"तीही माझी."

"काय खोडलंय?"

"पितळ."

"का?"

"ओळ मावत नव्हती."

त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं. "मारुती, छत्र, धनुष्य, एवढं सगळं मावलं आणि पितळ मावलं नाही?"

"काय काढायचं ते मी चुकीचं निवडलं," मी म्हटलं. "आणि अक्षरांचा खुलासा असलेलं पानही आम्ही त्या वेळी काढलं. वाचणाऱ्याला समजायला काही मार्गच ठेवला नाही. यांनी जे वाचलं, ते कोणत्याही शिकलेल्या माणसानं तसंच वाचलं असतं."

"मग एयू म्हणजे?"

"जवळजवळ न वापरलेलं. हातातून फारसं न फिरलेलं."

मामींनी कागद टिपॉयवर ठेवला. "म्हणजे इतक्या वर्षांत कुणी धड पूजासुद्धा केली नाही त्याची," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या.

मग दारातून अपर्णाचा आवाज आला. ती तमिळमध्ये बोलली, पण सावकाश, त्यामुळे मलाही समजलं.

"अम्मा, ते नाणं मला परत हवंय."

"ते पितळ आहे."

"माहीत आहे. तातांनी दिलंय. मला देवघरात ठेवायचंय." ती क्षणभर थांबली. "आणि माझे दागिने तपासायला न्यायच्या आधी मला विचारायला हवं होतं."

वैद्यनाथननी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता काहीतरी फुटणार. मामी उठल्या, आत गेल्या. कपाट उघडल्याचा आवाज आला. त्या छोटी चांदीची डबी घेऊन आल्या आणि ती अपर्णाच्या हातात न देता वैद्यनाथनांसमोर उभ्या राहिल्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "दागिने मी पाठवले होते. तुम्हाला सांगितलं नाही. हिला विचारलं नाही." मग सुनेकडे वळून, "विचारायला हवं होतं."

त्यांनी डबी वैद्यनाथनांच्या हातात दिली. "तुम्हीच द्या तिला. पुन्हा एकदा."

वैद्यनाथन उठून दारापाशी गेले. त्यांनी ती अपर्णाच्या हातात ठेवली.

बाहेर पडल्यावर आम्ही बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो. थांब्यावर ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी तारेच्या खिडकीत बसलो. लोक शब्द वाचवायला काय काय गाळायचे. 'आई गंभीर, ये' एवढंच लिहून द्यायचे. मी विचारायचो, अहो, तिकडे एका घरात चार भाऊ, कोणी यायचं? वाचणाऱ्याला कळेल का? एवढं मी प्रत्येकाला विचारायचो. स्वतः वाचताना मात्र नाही विचारलं."

"सार," मी म्हटलं, "आमच्या पुढच्या यादीला तो प्रश्न विचाराल का? छापायच्या आधी मी तुम्हाला पाठवते. तुम्हाला जे कळणार नाही तिथे खूण करा."

"मला नाण्यांतलं काही कळत नाही."

"म्हणूनच."

सोमवारी मी रावांना सांगितलं, की दोन गोष्टी झाल्याशिवाय पुढची यादी लिहिणार नाही. एक, खुलाशाचं पान पहिलं येईल, शेवटी नाही, आणि इंग्रजीबरोबर तमिळमध्येही असेल. दोन, प्रत्येक ओळीत धातू पूर्ण शब्दात येईल. मग ओळ दोन ओळींची झाली तरी चालेल.

"शाळेचें पुस्तक काढायचें काय?" राव संतापले. "जाणकार हसतील!"

"हसू देत."

"तुम्ही त्या घरीं गेलां, मी काहीं बोललों नाहीं. आतां पेढीही तुम्हीच चालवा!"

मी पर्स घेतली आणि घरी आले. मला वाटलं होतं, दोन दिवसांत फोन येईल. आला नाही. पहिल्या आठवड्यात मी ताठ होते. दुसऱ्या आठवड्यात वाईट वाटू लागलं. त्या पेढीनं मला या शहरात उभं केलं होतं. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्यानं विचारलं, "जाऊन बोलणार का?" मी म्हटलं, "नाही." पण त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चौथ्या आठवड्यात बेल वाजली. दारात रंगा राव, घामानं डबडबलेले. आमच्या घरी ते पहिल्यांदाच येत होते. पाणी दिलं, पंखा वाढवला.

"मी स्वतःच यादी लिहावयास घेतली," ते म्हणाले. "थोरली लेक आली होती. वकील आहे ती, तुम्ही पाहिलें आहे. तिला म्हटलें, वाच, चुका पाहा. तिनें एक ओळ वाचली आणि म्हणाली, अप्पा, एई म्हणजे काय? मी म्हटलें, तांबें, इतकेंही ठाऊक नाहीं? तर म्हणाली," इथे त्यांनी चष्मा काढला, "'तुम्ही आम्हांस कधीं सांगितलेंच नाहीं. आम्ही लहानपणीं विचारलें तर म्हणायचां, हें तुमचें काम नव्हे.' खरें आहे तें. मी सांगितलें नाहीं. त्या पोरी विचारायच्या."

मी त्यांचा पेला पुन्हा भरला.

"उद्यां या," ते उठत म्हणाले. "छापखान्याशीं तुम्हीच भांडा. मला नाहीं जमणार."

मी भांडले. कागद पातळ घेतला, मुखपृष्ठावरचा रंग काढला, आणि खुलाशाचं पान पहिलं बसवलं. तमिळ मजकूर रावांच्या लेकीनं लिहून दिला. मग सगळा कच्चा मजकूर कुंभकोणमला गेला.

दहा दिवसांनी तो परत आला. शिसपेन्सिलीनं, तारखात्यातल्या रेखीव अक्षरात, प्रत्येक पानावर खुणा. 'चांगली अवस्था म्हणजे कशाच्या मानानं?' 'उजवीकडे तोंड: राजाचं उजवं की माझं?' राव एकेक खूण वाचून कुरकुरत आणि दुरुस्ती सांगत. एका खुणेशी मात्र ते अडले.

आमच्या यादीत दुर्मिळ नाण्यापुढे आर लिहायची पद्धत होती. फार दुर्मिळ असेल तर दोन आर, अतिदुर्मिळ तर तीन. गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच शोधतं आणि बोली तिथेच चढते. पहिल्या आरपुढे वैद्यनाथननी लिहिलं होतं: 'कोणी मोजलं?'

"हा काय प्रश्न झाला!" राव म्हणाले. "सगळे घालतात."

"पण मोजलं कोणी?" मी विचारलं. इतक्या वर्षांत मीही कधी विचारलं नव्हतं. राव सांगायचे, मी लिहायची.

त्यांनी यादी बंद केली. पुन्हा उघडली. मग नाण्यांचे ट्रे मागवून घेतले, भिंग घेतलं आणि आर लावलेलं एकेक नाणं पाहायला लागले. मी शेजारी पेन घेऊन बसले.

"हें किती वेळां पाहिलें तुम्ही?" मी त्यांच्याच भाषेत विचारायची.

"पुष्कळ वेळां," ते म्हणायचे. मी आर खोडायची.

"हें?"

"तीस-चाळीस."

खोडायची. दुपार त्यात गेली. खाली गोदामात पोती टाकल्याचे आवाज येत होते. तीन आरांचं एक नाणं त्यांनी बराच वेळ फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हें तर मागल्याच वर्षीं दोन विकलीं." आणि स्वतःच हसले. आर संपत आले तेव्हा ट्रेमध्ये तंजावरचा तांब्याचा एक काशू, त्या राजांचं चिमुकलं नाणं, उरला, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. राव तो बोटात धरून खिडकीपाशी उजेडात गेले.

"हें मी कधीं पाहिलें नाहीं," ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "चाळीस वर्षांत नाहीं. आर लिहा. तीन लिहा."

"तीन आर नको," मी म्हटलं. "तुम्ही आत्ता जे म्हणालात, तेच लिहिते." आणि मी पूर्ण शब्दांत लिहिलं: आमच्या चाळीस वर्षांच्या पाहण्यात हे एकच.

रावांनी कागद वाचला. परत वाचला.

"आणि पुढें आणखी एक सांपडलें तर?"

"तर पुढच्या यादीत 'दोन' लिहू."

त्यांनी नाणं पाकिटात घातलं, पाकिटावर स्वतःच्या हातानं तमिळमध्ये तेच वाक्य लिहिलं आणि पुढचा ट्रे ओढला.